झिरा

सकाळपासून सगळं नीट चाललं होतं, आणि दुपारी पंढरी सोनकांबळे एकदम जागच्या जागी थांबला. कारण म्हणावं तर काहीच नव्हतं. एक मुलगी तहानली होती आणि ओंजळ धरून उभी होती, एवढंच. पण ती उभी होती तिथं तिच्या पायाशीच पाणी होतं. गोदावरीच्या वाळूत पोरांनी मिळून उकरलेला झिरा, हातभर खोल, तळाची वाळू मोजून घ्यावी इतकं निवळ पाणी, आणि कडेला पालथी घातलेली जर्मनची वाटी. बाकीची पोरं गुडघे टेकून, हात बुचकळून, एकमेकांच्या डोक्यावर डोकी आपटत पीत होती, नाकात पाणी जाऊन ठसकत होती, हसत होती. आणि ही फिकट निळ्या झग्यातली मुलगी कमरेत किंचित वाकून, दोन्ही हात जुळवून हनुवटीला लावून, सांडलेलं पाणी अंगावर येऊ नये म्हणून कोपरं बाहेर काढून, मान खाली घालून थांबली होती. कुणीतरी वरून धार सोडील म्हणून. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती, बस यायची वाट माणूस बघतो तशी ती वाट बघत होती. पंढरीला त्या उभं राहण्याची ओळख पटली ती डोळ्यांच्या आधी कोपरांना. त्याची स्वतःची कोपरं, सदऱ्याच्या बाह्यांत, नकळत बाहेर सरकली होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. नव्याचे नऊ दिवस संपून गेले होते, तरी कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून ताजा होता आणि साहेब लोकांना अजून हुरूप होता. जिल्हा नवा झाला म्हणून पाऊस काही नवा पडला नव्हता. सलग दोन हंगाम कोरडे गेले होते, आणि जळकोटकडच्या गावांत टँकर आला की शाळा आपोआप सुटत होती. अशा दिवसांत कुणाला तरी सुचलं की या पोरांना एकदा नदी दाखवावी. नदी दाखवायची तर शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आणायला हवं, विष्णुपुरीला, जिथं धरणाचं काम चालू होतं आणि कामावरच्या एका रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये रेणुकादास सरांनी 'नदीकाठ अभ्यास केंद्र' थाटलं होतं. रेणुकादास सर म्हणजे नांदेडच्या कॉलेजात हयातभर प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, घरच्या लोकांना न जुमानता पेन्शनीत नदी पाळलेले गृहस्थ. खडू-फळ्याचा त्यांना कंटाळा. मूल नदीत उतरलं पाहिजे, चाळणीत किडे धरले पाहिजेत, वाळूवर डोळे मिटून बसलं पाहिजे आणि ऐकलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पंढरी त्यांचा विद्यार्थी, मग शाळामास्तर, मग त्यांनी खटपट करून इथं मागून घेतलेला माणूस. नांदेडात भाड्याच्या दोन खोल्या, घरात बुद्धाचा फोटो, आणि नाव पंढरी. त्यावरून लोक गंमत करायचे, तोही हसायचा. बापानं नाव ठेवलं तेव्हा गावानं धम्म घ्यायला अजून अवकाश होता, त्याला तो काय करणार.

सकाळी पोरं ट्रकमधून उतरली तेव्हाच पंढरीचा जीव हरखला होता. दर वेळी हरखायचा, त्यात काही खोटं नव्हतं. दुष्काळानं नदी आक्रसून पल्याडच्या काठाला गेली होती, अल्याड नुसती पांढरी वाळू, तरीही जे पाणी उरलं होतं ते एवढं होतं की पोरं एका जागी थिजली. कुणी सांगितलं नसताना एकेकानं चपला काढून हातात घेतल्या. ऊन पाण्यावरून तुटून तुटून येत होतं आणि सगळ्यांच्या हनुवटीखाली, गळ्यावर, थरथरत होतं. मग एका पोरानं हळूच विचारलं, "सर, हे बंद कधी करत्यात?" पंढरीला हसू आलं, आणि लगेच त्याच्या अंगावर काटा आला. बंद करत नाहीत, तो म्हणाला. म्हणजे काय, पोराला पटेना. रातीला कोन वापरतंय मग? त्यानंतर पंढरीनं आपला नेहमीचा प्रश्न टाकला, जो तो प्रत्येक शाळेला विचारायचा: हे पाणी कुणाचं? सरकारचं, एक म्हणाला. देवाचं. धरणाच्या इंजिनेराचं. नांदेडवाल्यांचं, आपलं लातूर. प्रत्येक उत्तराला तो मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, कुणाचंच नाही, नदीचंच आहे, चला, उतरा. हे वाक्य त्याला मनापासून आवडायचं. तो ते म्हणाला की रेणुकादास सर त्याच्याकडे कौतुकानं बघायचे.

मग चाळण्या, मग पांढऱ्या ताटांत वळवळणारी चतुराची पिल्लं. हा असला काळा ओबडधोबड किडा एक दिवस पाण्याबाहेर येतो, पाठ फोडतो आणि त्यातून पंख निघतात, असं सर सांगत होते आणि पोरं त्यांच्याकडे, मग किड्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे बघत होती, माणूस थापा मारतोय की काय म्हणून. मग झिरा. झिरा हे पंढरीचं खास. वाळू हातानं उकरायची. आधी गरम लागते, मग कोमट, मग ओली आणि गार, आणि एकदम बोटांना कळतं की आता नुसता ओलावा नाही, पाणी आहे. पहिलं येतं ते गढूळ. ते वाटीनं उपसून टाकायचं, पुन्हा येतं, पुन्हा टाकायचं, आणि मग गप्प बसायचं. बघता बघता निवळ पाणी खालून चढत येतं, वाळूचे कण तळाशी उकळल्यासारखे नाचतात, आणि वर कोणी ओतत नाही, काही नाही, खड्डा भरतो. कितीदा पाहिलं तरी पंढरीला ते खरं वाटत नसे. आजही पोरांच्या डोक्यांमधून तो लहान मुलासारखा वाकून बघत होता, आणि मनात म्हणत होता, आलं, आलं. त्या आनंदात त्यानं मान वर केली तेव्हा त्याला ती ओंजळ दिसली.

आता ऊन चढलं होतं आणि पोरं कडुनिंबाखाली भाकरी सोडत होती. मुलगी कुणीच पाणी घालत नाही म्हणून ओंजळ सोडून, हात झग्याला पुसून, कोरड्या तोंडानंच बाजूला जाऊन बसली होती. तिचं नाव जगदेवी. आडनाव विचारायची त्याला गरज वाटली नाही, धाडसही झालं नाही. तिच्या शाळेचे साहेबराव गुरुजी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून सुपारी कातरत बसले होते. बरा माणूस, पोरांना ट्रकमध्ये स्वतःच्या मांडीवर घेऊन आलेला. पंढरीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुजी, शाळेत पाण्याचं कसं करता?"

"रांजण हाय की. एका पोराला वाढायला ठेवलंय. हात बुडवू देत न्हाई कुणाला. रोगराई लई वाढून राहिली, शिस्त पाहिजे."

"सगळ्यांनाच वाढतो?"

"सगळ्यालाच." गुरुजींनी सुपारी तोंडात टाकली. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "आता काही पोरं घेत्यात आपल्या हातानं. गावातली, मोठ्या घरची. आपण कुठं कुठं बघावं सर. पण ह्या पोरी गरीब. न घालता घेत न्हाईत." आणि ते कौतुकच करत होते.

पंढरी उठून पुन्हा वाळूत आला. पाय पोळत होते ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याला आपल्या गावचा आड दिसत होता, जळकोटच्या अलीकडचा, चुन्यानं सारवलेला कठडा, कठड्यापासून बरंच लांब असलेला एक चपटा दगड. दगडाच्या पलीकडे जायचं नाही. घागरी दगडावर मांडून उभं राहायचं आणि कुणी बाई पाण्याला येईल, तिचं भरून होईल, तिला वाटलं तर ती दोन पोहरे ह्या घागरींत ओतील. आणि तहान लागली असेल तर ओंजळ. ओंजळ कशी धरायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, जसं चालायला कुणी शिकवत नाही. वर बघायचं नाही. धार बघायची. धारेवरून बाई कळायची: एक धार बारीक आणि लांबून यायची, तिच्यातलं निम्मं कोपरावरून ओघळायचं, एक जाडजूड धसमुसळी, ठसका लावणारी, आणि एक पार्वतीबाई नावाच्या म्हातारीची, सावकाश, पोट भरेपर्यंत न तुटणारी, मध्येच "पी रं लेकरा, दमानं पी" म्हणणारी. त्या धारेची गोडी त्याच्या जिभेवर आजही होती. तीच तर खरी अडचण होती. तो आड त्याला आठवला की अपमान आठवायच्या आधी ते गार पाणी आठवायचं, आणि मग आपलाच आपल्याला राग यायचा. त्या आडाचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आत पाणी किती आहे, कसं दिसतं, आभाळ त्यात पडतं का, काही नाही. त्याच्यासाठी पाणी म्हणजे वरून येणारी वस्तू होती.

पण हे सगळं मागं पडलं, असं तो समजून चालला होता. शिकला, नोकरी लागली, भाषणं केली, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. नांदेडात कुणी अडवलं? कुणीच नाही. केंद्रावर कुणी अडवलं? छे, रेणुकादास सर तर त्याच्या डब्यातली चटणी बोटानं चाटून खायचे. मग असं का होतं, आणि इथं पंढरी वाळूत चालता चालता थांबलाच, असं का होतं की या केंद्रावर आल्यापासून आपण झिऱ्यातलं पाणी एकदाही आपल्या हातानं घेतलेलं नाही? त्यानं आठवून पाहिलं. एकदाही नाही. झिरा भरला की कार्यक्रमाच्या शेवटी एक मूल वाटी भरायचं आणि त्याच्या, म्हणजे पंढरी सरांच्या, ओंजळीत धार धरायचं. 'सरांना पाणी घालायचा मान'. पोरं त्यासाठी भांडायची. ही प्रथा कुणी पाडली? त्यानंच. पहिल्या पहिल्या कुठल्याशा शाळेबरोबर, हसत हसत, "ए, मला कोण घालणार?" असं म्हणून. लोकांना वाटलं सरांना लेकरांची माया. त्यालाही तसंच वाटलं. कॉलेजच्या रांजणापाशी तो मित्राला म्हणायचा, घाल रे जरा. लग्नात पाण्याच्या पिंपाशी गेला की हात आपोआप जुळायचे. कुणाचंच नाही, नदीचंच आहे, हे वाक्य शेकडो लेकरांना सांगणारा हा माणूस नदीकाठी उभा राहून इतके दिवस धारेची वाट बघत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

आणि मग आईची ती गोष्ट आठवली. आई, सरजाबाई, आता म्हातारी झालेली, नांदेडच्या खोलीत नळाखाली घागर लावून बसणारी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामासाठी ते गाव सोडून नांदेडला आले, त्या पहिल्या संध्याकाळी बापानं त्यांना गोदावरी दाखवायला नेलं. आई काठावर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरायचं विसरली. किती तरी वेळानं म्हणाली, "हे कुणाचं हाय वो?" बाप, व्यंकटी, म्हणाला, "कुणाचं असतंय? नदीचं हाय." आणि आई म्हणाली, "मंग घालतंय कोन?" या बोलण्यावर सगळं घर हसलं. बाप हसता हसता वाळूत बसला. पुढं सणावाराला, पाहुणे आले की, ही गोष्ट निघायची आणि आई स्वतः तोंडाला पदर लावून हसायची. पंढरीनं ती रेणुकादास सरांनाही सांगितली होती. तेही हसले होते, आणि मग का कोण जाणे, चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले होते. तेव्हा पंढरीला त्यांचं नवल वाटलं होतं. आता कळलं की त्या दिवशी फक्त त्या म्हाताऱ्यालाच गोष्ट कळली होती. आणि आणखी एक त्याला कळलं, जे त्याला जास्त लागलं: ही मुलगी आज अशीच कोरडी ट्रकमध्ये चढली, तर गोदावरी तिच्यासाठी झाली काय आणि न झाली काय. ती घरी जाऊन सांगील, लई पाणी होतं, पण कुणी घातलं न्हाई. मोठी होईल, शिकेल, कदाचित मास्तरीण होईल, आणि हसत हसत म्हणेल, ए, मला कोण घालणार?

"पंढरी!" रेणुकादास सर झिऱ्यापाशी हात हलवत होते. पोरं परत गोळा झाली होती, पलीकडे ट्रकवाला हॉर्न देत होता. "अरे, मान राहिला की! कोण घालणार आज सरांना?" सगळे हात वर झाले, मी मी मी. रेणुकादास सरांची नजर पोरांवरून फिरली आणि मागं एकटीच हात खाली घेऊन उभ्या असलेल्या जगदेवीवर थांबली. सरांचा स्वभावच तो, मागचं पोर पुढं ओढायचं. "तू ये गं. तू घाल."

जगदेवी दोन पावलं पुढं आली आणि थांबली. वाटी तिच्यापुढं होती, पाणी तिच्यापुढं होतं. तिनं एकदा गुरुजींकडं पाहिलं, एकदा त्या पाण्याकडं, आणि तिचा हात उचलेना. पोरं खुसखुसली. "घाल की, येडी का," कुणी म्हणालं. तिच्या ओठांची कातडी सोललेली होती. पंढरीला वाटलं, आपण घालावं तिला पाणी. वाटी घ्यावी, धार धरावी, पार्वतीबाईसारखी, सावकाश, पोट भरेपर्यंत. ती पिईल, तहान भागेल, ट्रक निघून जाईल. हात पुढं गेलासुद्धा. आणि त्यानं तो मागं घेतला.

"आज मान नको," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आज मी घेतो."

तो झिऱ्याच्या काठावर गुडघे टेकून बसला. एवढीशी गोष्ट, आणि त्यानं एकदा मागं वळून पाहिलं, जणू कुणीतरी हाळी देणार आहे. त्यानं दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी मनगटावर चढलं. कुठल्याही धारेपेक्षा गार होतं, आणि चहूबाजूंनी होतं. आणि तेवढ्यात त्याच्या गुडघ्याखालची वाळू सुटली. अख्खी कड ढासळून झिऱ्यात पडली, आणि आरशासारखं पाणी एका क्षणात चिखल झालं. पोरांच्या तोंडून "आँ" निघालं. पंढरी तसाच, हात चिखलात घालून. आणि कुठून तरी, फार खोलातून, त्याला नको असलेला तो जुना विचार वर आला: बघ, हात लावला आणि नासलं. त्यानं डोळे मिटून घेतले. कान तापले होते. त्याला कुणाकडेच बघवेना, त्या मुलीकडे तर मुळीच नाही, कारण तिलाही आता हेच वाटलं असणार, आणि ते आपण तिला दाखवलं.

ट्रकवाल्यानं हॉर्न थांबवला असावा. नदीवर एक टिटवी ओरडत गेली. मग त्याला बोटांना काहीतरी जाणवलं. तळव्याखाली, वाळूतून, बारीक बारीक काहीतरी वर ढुशी देत होतं. गार. थांबत नव्हतं. त्यानं डोळे उघडले. चिखल खाली बसत होता. मध्यभागी एक पैशाएवढा स्वच्छ ठिपका झाला होता, तळाशी कण नाचत होते, ठिपका वाढत होता, त्याच्या हातांना वळसा घालत होता, आणि त्याला आपली बोटं दिसायला लागली, मग नखं, मग तळहातावरच्या रेषा. पाण्यानं त्याचे हात बाहेर ढकलले नव्हते, ते त्यांच्या भोवतीनं भरलं होतं. पंढरीला भोवतालचा विसर पडला. इतकी वर्षं हे आपण वरून पाहिलं, आणि आत हे असं होतं. आपली ओंजळ आपण भरलीच नाही, ती आपली आपण खालून भरून आली. त्यानं ती उचलली आणि प्याला. वाळूची किंचित कचकच, मातीचा वास, आणि पार्वतीबाईच्या धारेत नव्हती अशी एक गोडी. डोळ्यांतून पाणी आलं तेही त्यानं पुसलं नाही.

"निवळलं," शेजारून कुणी म्हणालं. जगदेवी त्याच्या बाजूला उकिडवी बसली होती, केव्हा येऊन बसली कुणास ठाऊक. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती आत बघत होती, तोंड उघडं टाकून, जशी सकाळी नदीकडे बघत होती. "आपोआप निवळलं, सर. तुमचा हात आत असताना."

"हाव," पंढरी म्हणाला. गावची बोली त्याच्या तोंडात कधी आली, त्याला कळलं नाही. पी, असं तो म्हणाला नाही. म्हणायची त्याची हिंमत नव्हती, आणि म्हणू नये हेही त्याला समजलं होतं.

मुलीनं आधी एक बोट घातलं. काढलं. बोटाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि एकदम खुदकन हसली, कारण गुदगुल्या झाल्या होत्या. मग प्याली. पुन्हा प्याली. झगा भिजला, केस भिजले, गुरुजी ट्रकपासून हाका मारायला लागले, तरी तिची तहान संपेना. रेणुकादास सर चष्मा काढून पुसत होते. शेवटी तिनं तोंड वर केलं. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

"सर, हे रातीला बी भरत असंल का?"

"भरतंय की."

"कुणी नसलं तरी?"

"कुणी नसलं तरी," पंढरी म्हणाला, आणि त्याची तहान अजून भागली नव्हती म्हणून पुन्हा खाली वाकला.